डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि सूज : घरगुती उपाय कुठपर्यंत?

सकाळच्या वेळी बोरिवलीहून चर्चगेटकडे निघालेल्या लोकलच्या महिला डब्यात एक दृश्य हमखास दिसते. बसायला जागा मिळाली की पर्समधून छोटा आरसा निघतो आणि गाडी अंधेरीला पोहोचेपर्यंत डोळ्यांखालचा काळेपणा झाकण्याचे काम आटोपलेले असते. मुलुंड, घाटकोपरकडून येणाऱ्या गाड्यांतही चित्र फारसे वेगळे नाही. कार्यालयात पाऊल टाकताच 'रात्री झोप झाली नाही का?' हा प्रश्न ऐकावा लागू नये, एवढीच त्यामागची माफक अपेक्षा. रविवारी मग काकडीचे काप, बटाट्याचा कीस, गुलाबपाण्यात भिजवलेला कापूस असे सारे उपचार होतात. सोमवारी वर्तुळे जिथल्या तिथे असतात.

अशा वेळी दोष काकडीला दिला जातो. प्रत्यक्षात केलेला उपाय बहुधा दुसऱ्याच कारणावरचा असतो. 'काळी वर्तुळे' हे नाव एक असले तरी त्यामागे निदान चार निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. त्वचेत साठलेले रंगद्रव्य, पातळ त्वचेतून डोकावणाऱ्या रक्तवाहिन्या, डोळ्यांखालच्या खोलगट भागात पडणारी सावली आणि सूज. यांपैकी काहींना घरातील उपाय चांगले लागू पडतात, काहींना मुळीच नाही. पुष्कळांच्या बाबतीत दोन-तीन कारणे एकत्र नांदत असतात, हा आणखी एक घोळ.

पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचांपैकी एक आहे. तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. गालाखाली असतो तसा चरबीचा थर तिच्याखाली जवळपास नसतोच. त्वचा संपली की लगेच डोळा मिटणारा वर्तुळाकार स्नायू सुरू होतो. तैलग्रंथी कमी असल्यामुळे ही त्वचा लवकर कोरडी पडते, सैल असल्यामुळे तिच्यात पाणी चटकन साठते. शरीरात इतरत्र दडून राहणारे बदल म्हणूनच येथे आधी दिसतात. गालावर निभावून जाणारा लेप येथे जळजळ करतो, त्याचेही कारण हेच.

आरशासमोरची परीक्षा

कोणतेही क्रीम विकत घेण्याआधी दोन मिनिटांची एक साधी परीक्षा घरी करता येते. दिवसाच्या उजेडात, खिडकीकडे तोंड करून आरसा धरावा. खालच्या पापणीची त्वचा बोटाने अगदी हलकेच खाली ताणावी. तपकिरी रंग होता तसाच राहिला, तर त्वचेत रंगद्रव्य आहे असे समजावे. निळसर-जांभळी छटा ताणल्यावर अधिकच गडद वाटू लागली, तर पातळ त्वचेखालील रक्तवाहिन्या दिसत आहेत. समोरून भरपूर उजेड पडताच किंवा मान वर करताच काळेपणा फिका झाला, तर ती बव्हंशी सावली आहे. खालची पापणी फुगलेली असेल तर सकाळची सूज संध्याकाळपर्यंत ओसरते का, हे चार-पाच दिवस पाहावे. ओसरत असेल तर ते पाणी. सकाळ-संध्याकाळ सारखीच राहत असेल तर ती बहुधा पुढे आलेली चरबी.

ही परीक्षा म्हणजे निदान नव्हे. पण आपण कोणत्या वाटेने जावे, याचा अंदाज त्यातून नक्की येतो.

सिंगापूरमध्ये १ हजार रुग्णांची तपासणी करून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सर्वाधिक, म्हणजे ४१.८ टक्के रुग्णांत रक्तवाहिन्यांचा प्रकार आढळला होता, ३८.६ टक्क्यांत काळेपणा प्रकृतीचाच भाग होता. भारतीय रुग्णांत चित्र थोडे बदलते. 'इंडियन जर्नल ऑफ डर्मटॉलॉजी' या नियतकालिकात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०० रुग्णांच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक, ५१.५ टक्के जणांचा काळेपणा प्रकृतिगत होता आणि २२.५ टक्के जणांत तो त्वचेच्या दाहानंतर उरलेला होता. रुग्णांपैकी ६३ टक्के जणांच्या घरात आणखी कोणाला तरी अशीच वर्तुळे होती. ८१ टक्के रुग्ण स्त्रिया होत्या आणि जवळजवळ निम्मे १६ ते २५ या वयोगटातील होते. अर्थात हे आकडे दवाखान्यात आलेल्यांचे आहेत. पुरुष मंडळी या कारणासाठी दवाखान्याची पायरी सहसा चढत नाहीत, हेही लक्षात घ्यायला हवे.

या आकड्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. आई, मावशी, आजी यांच्या डोळ्यांभोवती जी छटा आहे तीच आपल्याही डोळ्यांभोवती असेल, तर तो आजार नाही आणि हलगर्जीपणाची खूणही नाही. ती छटा थोडी फिकी करता येते. पुसून टाकता येत नाही. आठवड्याभरात वर्तुळे घालवण्याची हमी देणाऱ्या जाहिराती वाचताना एवढे ध्यानात ठेवले तरी बराच खर्च वाचेल.

झोपेचा हिशेब

झोप आणि काळी वर्तुळे यांचे नाते मात्र काल्पनिक नाही. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लहानशा प्रयोगात १० जणांची छायाचित्रे आठ तासांच्या झोपेनंतर आणि पुन्हा ३१ तासांच्या जागरणानंतर काढण्यात आली. ती पाहणाऱ्या ४० जणांना काहीच सांगितले नव्हते. तरीही जागरणानंतरच्या चेहऱ्यांवर जड पापण्या, सुजलेले व लाल डोळे आणि अधिक काळी वर्तुळे त्यांना दिसली.

उपनगरांत झोपेचा हिशेब बसणे सोपे नाही. अंधेरीतील सीप्झ आणि त्याभोवतीच्या औद्योगिक वसाहतीत, मालाडच्या कार्यालय संकुलांत परदेशी घड्याळानुसार चालणाऱ्या कामामुळे रात्रपाळी हा अनेक घरांच्या दिनक्रमाचा भाग झाला आहे. ज्यांची पाळी दिवसाची, त्यांचेही दोन-तीन तास प्रवासात जातात. डबा करण्यासाठी पहाटे पाचला उठणाऱ्या गृहिणीला रात्री साडेअकराच्या आधी अंथरूण दिसत नाही. प्रौढ माणसाला किमान सात तासांची झोप लागते. 'रविवारी भरून काढू' हा हिशेब त्वचेला फारसा मानवत नाही. एक दिवसाची दीर्घ झोप आठवड्याची थकबाकी फेडू शकत नाही.

रात्रपाळी करणाऱ्यांनी दिवसा झोपताना खोलीत जाड पडदे लावून अंधार करावा, पाळी संपण्याच्या आधीच्या चार-पाच तासांत चहा-कॉफी टाळावी आणि सुटीच्या दिवशीही झोपेची वेळ फार बदलू नये. झोपेमुळे रंगद्रव्य जात नाही, हे खरे. पण निस्तेज चेहऱ्यावर जी वर्तुळे गडद दिसतात ती टवटवीत चेहऱ्यावर कमी जाणवतात, आणि सूज तर निश्चित उतरते.

धूळ, नाक आणि डोळे चोळण्याची सवय

झोपेच्या खालोखाल दुर्लक्षित राहणारे कारण म्हणजे ॲलर्जी. सकाळी उठल्याबरोबर ओळीने सात-आठ शिंका, सतत चोंदलेले नाक, खाजणारे डोळे आणि त्याखाली निळसर-करडी वर्तुळे, असे चित्र लहान मुलांतही दिसते. नाकातील आवरण सुजले की डोळ्यांखालच्या बारीक नीलांतून रक्त वाहून जाण्याचा वेग मंदावतो. तुंबलेले हे रक्त पातळ त्वचेतून गडद दिसते. भरीला डोळे चोळण्याची सवय असते. सावळ्या त्वचेचा स्वभाव असा, की वारंवार घर्षण किंवा दाह झाला की तेथे रंगद्रव्य साठू लागते. वर उल्लेखिलेल्या भारतीय अभ्यासात ३२.५ टक्के रुग्ण वारंवार डोळे चोळणारे होते आणि १२ टक्के रुग्णांना चष्म्याचा नंबर असूनही योग्य चष्मा नव्हता. चष्मा नको म्हणून डोळे बारीक करून फळा वा मोबाइल वाचणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी याची नोंद घ्यावी.

मुंबईची दमट हवा घरातील धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांना पोषक असते. गाद्या, उशा, जड पडदे आणि मऊ खेळणी ही त्यांची घरे. त्यात अंधेरी ते दहिसर आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यांत गेली अनेक वर्षे पुनर्विकास, मेट्रो आणि रस्त्यांची कामे सुरू आहेत. शहराची हवा बिघडल्याची ओरड झाल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली जाहीर केली. ती पाळली जाते की नाही याची वाट पाहण्यापेक्षा घरातल्या गोष्टी आपल्या हाती आहेत. उशांचे अभ्रे आणि चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात धुवाव्यात, उशा उन्हात टाकाव्यात, केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. बाहेरून आल्यावर हात धुऊन मगच चेहरा व पापण्या गार पाण्याने धुवाव्यात. डोळ्यांना खाज सुटली तर चोळण्याऐवजी स्वच्छ ओला रुमाल ठेवावा. नाक महिनोन्महिने चोंदत असेल तर उपचार नाकावर करून घ्यावेत. वर्तुळांवर क्रीम लावत राहणे हा त्यावरचा उपाय नाही.

पापण्यांची ॲलर्जी फसवीही असते. केसांना लावलेला कलप, चेहऱ्याचे प्रसाधन, अगदी नखांचे पॉलिशसुद्धा हात किंवा केस डोळ्यांना लागल्यामुळे पापणीवर पुरळ व काळेपणा आणू शकते. डोके दुखते म्हणून डोळ्यांच्या कडेपर्यंत बाम चोळण्याची जुनी सवय याच यादीतली. काजळ लावून तसेच झोपणे आणि सकाळी ते खसाखसा पुसणे हेही टाळावे. कापसावर दोन थेंब खोबरेल घेऊन हलक्या हाताने काजळ उतरवावे. सुट्या सुरम्यात शिशाचे संयुग असू शकते. तो तान्ह्या बाळांना तर मुळीच घालू नये.

लिंबू ताटात हवे, चेहऱ्यावर नको

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे लोकलच्या डब्यात शेजारी बसलेल्या दोघींपैकी एकीला तो असण्याची शक्यता. रक्तक्षयामुळे चेहरा फिकट पडतो आणि त्या फिकट पार्श्वभूमीवर डोळ्यांखालची छटा उठून दिसते. जिना चढताना धाप लागणे, केस गळणे, सतत थकवा, पाळीत जास्त रक्तस्राव यांपैकी काही सोबत असेल तर क्रीमऐवजी हिमोग्लोबिनची तपासणी आधी करावी. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय मानला जातो.

आहारात पालेभाज्या, हळिवाचे लाडू, तीळ, डाळी, मोड आलेली कडधान्ये आणि खाणाऱ्यांसाठी मांस-मासे असावेत. त्यावर लिंबू पिळले किंवा जेवणात आवळा असला की भाज्यांतले लोह अधिक चांगले शोषले जाते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला की ते शोषण घटते. लिंबाचे खरे काम येथे, ताटात आहे. तोच रस डोळ्यांखाली चोळला तर आम्लामुळे त्वचा भाजल्यासारखी होते आणि वर ऊन लागले तर डाग अधिकच गडद होतो. रक्तक्षय बराच असेल तर केवळ आहाराने तो भरून निघत नाही; लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्या लागतात.

स्वयंपाकघरातील उपाय

काकडी उपयोगी आहे, पण ती रंग उजळवते म्हणून नव्हे. तिच्यात सुमारे ९५ टक्के पाणी असते आणि फ्रीजमधील गार काप डोळ्यांवर ठेवले की रक्तवाहिन्या आकुंचन पावून सूज उतरते. हेच काम गार पाण्यात बुडवून पिळलेला स्वच्छ सुती रुमाल किंवा फ्रीजमध्ये ठेवलेले दोन स्टीलचे चमचेही करतात. बटाट्याच्या किसाचे गुण याहून वेगळे असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. बर्फ थेट त्वचेवर कधीही घासू नये. दहा मिनिटे पुरेत.

चहाच्या पिशव्यांचा उपायही सुजेसाठीच. दोन साध्या, दूध-साखर नसलेल्या पिशव्या गरम पाण्यात भिजवून पिळाव्यात, फ्रीजमध्ये गार कराव्यात आणि मिटलेल्या डोळ्यांवर दहा मिनिटे ठेवाव्यात. चहातील कॅफिन रक्तवाहिन्या आवळते असे सांगितले जाते. बराचसा परिणाम मात्र गारव्याचाच असतो. तो दोन-तीन तास टिकतो. लग्नसमारंभाला जायचे असेल तर तेवढे पुष्कळ झाले.

बदामतेल किंवा साजूक तूप कोरडेपणा घालवते. कोरड्या त्वचेवरच्या बारीक सुरकुत्या काळेपणा वाढवून दाखवतात, त्या यामुळे कमी होतात. थेंबभर तेल पुरेसे असते, आणि ते अनामिकेने टिपत टिपत लावावे. बोटांपैकी तिचा दाब सर्वांत हलका पडतो. जास्त लावल्यास काहींना पापणीखाली पांढरे बारीक दाणे येतात. हळद, बेसन, खायचा सोडा, टूथपेस्ट यांना डोळ्यांच्या आसपास थारा देऊ नये. गुलाबपाणी चालते, पण गार पाण्यापेक्षा अधिक काही करेल अशी अपेक्षा नसावी.

खरे रंगद्रव्य असेल तर सर्वांत परिणामकारक घरगुती सवय म्हणजे उन्हापासून बचाव. झिंक ऑक्साइड असलेले, किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन डोळ्यांना कमी झोंबते. रुंद काडीचा गॉगल किंवा छत्री यांचीही मदत होते. स्टेशनपर्यंत दुचाकीने जाणाऱ्यांनी हेल्मेटची काच खाली ठेवावी, म्हणजे धूळही आत जाणार नाही. नियासिनामाइड किंवा क जीवनसत्त्व असलेली सौम्य क्रीम काही जणांना उपयोगी पडतात. ती आधी कोपराच्या आतील बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहावीत. रेटिनॉल असलेली क्रीम गरोदरपणात वापरू नयेत. परिणाम दिसायचा तर आठ ते बारा आठवडे सातत्य लागते. दर पंधरा दिवसांनी डबी बदलणाऱ्याला कोणतीच डबी पावत नाही.

सकाळच्या सुजेचे मूळ अनेकदा रात्रीच्या ताटात सापडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराहून कमी मीठ खावे. रात्री दहा वाजता पापड, लोणचे, फरसाण किंवा स्टेशनबाहेरच्या गाडीवरचे चायनीज झाले की शरीर पाणी धरून ठेवते आणि आडवे झाल्यावर ते पाणी पापण्यांच्या सैल त्वचेत उतरते. रात्रीचे जेवण लवकर व अळणीकडे झुकणारे ठेवावे आणि डोक्याखाली आणखी एक उशी घ्यावी. मद्यपानानेही सूज वाढते. खूप पाणी प्याल्याने वर्तुळे जातात याला पुरावा नाही. मात्र स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या महिलांचे डोळे खोल गेलेले दिसतात, हेही खरे.

सावलीवर आणि वयोमानाने पुढे आलेल्या चरबीवर यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. तेथे प्रसाधनाने झाकणे किंवा तज्ज्ञांकडून फिलर, शस्त्रक्रिया हे पर्याय उरतात. डोळ्यांभोवती फिलर टोचताना ते रक्तवाहिनीत गेल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो. म्हणून असली इंजेक्शने ब्यूटी पार्लरमध्ये घेऊ नयेत.

क्रीमची डबी आणि मूत्रपिंड

घरगुती उपाय फसले की अनेक जणी 'गोरे करणाऱ्या' क्रीमकडे वळतात. धोका येथे सुरू होतो. अकोल्यातील एका कुटुंबाचे उदाहरण २०२३ च्या सुरुवातीला वृत्तपत्रांतून सर्वांसमोर आले. घरातील तरुणीने स्थानिक पातळीवर घेतलेले त्वचा उजळवणारे क्रीम तिची आई आणि बहीणही वापरू लागली. चेहरा उजळला, कौतुकही झाले. काही महिन्यांत तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला. एकाच घरात तिघी एकाच वेळी आजारी कशा, याचा शोध घेताना संशय प्रसाधनांवर गेला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातील प्रयोगशाळेत केलेल्या तपासणीत क्रीममध्ये मोठ्या प्रमाणात पारा आढळला.

पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्याची प्रक्रिया अडवतो, म्हणून रंग झपाट्याने उजळतो. तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांतील १५ जणांत या विकाराचा एक दुर्मीळ प्रकार आढळला आणि या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारली.

मूत्रपिंडातून प्रथिने लघवीवाटे वाहून जाऊ लागली की दिसणाऱ्या पहिल्या खुणांपैकी एक म्हणजे सकाळी डोळ्यांभोवती येणारी सूज. डोळ्यांखालचा काळेपणा घालवण्यासाठी आणलेल्या क्रीममुळेच डोळ्यांखाली सूज यावी आणि ती सूज घालवण्यासाठी पुन्हा तेच क्रीम चोळावे, असे दुष्टचक्र त्यातून सुरू होऊ शकते.

भारतातील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार सामान्य प्रसाधनांत अनवधानाने आलेला पारा दशलक्ष भागांत १ भागाहून अधिक असता कामा नये. डोळ्यांच्या भागासाठीच असलेल्या प्रसाधनांत परिरक्षक म्हणून ही मर्यादा ७० भाग आहे. सामान्य ग्राहकाला घरी पारा मोजता येत नाही. त्याने वेष्टन वाचावे. उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत यांपैकी काही नसेल, मजकूर केवळ परकीय लिपीत असेल, आयात मालावर नोंदणी क्रमांक नसेल किंवा डबीत हाताने भरलेले 'पार्लरचे खास' क्रीम असेल तर ते घेऊ नये. घटकांच्या यादीत 'मर्क्युरस', 'मर्क्युरिक', 'कॅलोमेल' असे शब्द दिसल्यास डबी बाजूला ठेवावी. तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

दुसरा धोका औषध दुकानातून येतो. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी स्टेरॉइड असलेली मलमे डाग घालवण्यासाठी शेजारणीच्या सांगण्यावरून आणली जातात. पहिले काही दिवस फरक दिसतो. नंतर त्वचा विरळ होऊन आतल्या रक्तवाहिन्या अधिक दिसू लागतात, म्हणजे वर्तुळे वाढतात. पापण्यांवर दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदू आणि मोतीबिंदू होण्याची भीती असते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या वर्गात टाकली. काउंटरवर चिठ्ठी मागितली जातेच असे नाही, म्हणून ती सावधगिरी ग्राहकानेच बाळगावी. उलट बाजूने, काचबिंदूसाठी दिल्या जाणाऱ्या काही थेंबांमुळेही पापण्या काळवंडतात. असे झाल्यास थेंब मनाने बंद न करता नेत्रतज्ज्ञांना विचारावे.

सूज केव्हा साधी नसते

रोज सकाळी डोळे सुजतात, लघवीला फेस येतो आणि संध्याकाळी पावलांवर बोट दाबले की खळगा पडतो, असे असल्यास लघवीची प्रथिनांसाठी तपासणी त्याच आठवड्यात करावी. ही तपासणी स्वस्त आहे आणि जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेत होते. दोन ते सहा वर्षांच्या मुलांत अशी सूज अनेकदा ॲलर्जी समजून आठवडेच्या आठवडे डोळ्यांच्या थेंबांवर काढली जाते, आणि मूत्रपिंडाचा विकार उशिरा लक्षात येतो. चेहरा सतत सुजलेला, आवाज जड, वजन वाढते आहे आणि थंडी सोसवत नाही, अशा वेळी थायरॉइडची तपासणी करावी. एकाच डोळ्याची पापणी लाल, गरम व दुखरी झाली, ताप आला, डोळा हलवताना दुखले किंवा नजर अंधूक झाली तर थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एकाच डोळ्याखाली अचानक आलेला काळेपणाही दाखवून घ्यावा.

उपनगरांत जुहूचे कूपर आणि घाटकोपरचे राजावाडी या महापालिकेच्या रुग्णालयांत केसपेपर काढून अल्प खर्चात बाह्यरुग्ण विभागात दाखवता येते. जाताना चेहऱ्याला काहीही न लावता जावे. वापरात असलेली सर्व क्रीम, तेले, काजळ आणि डोळ्यांचे थेंब डबी व वेष्टनासह पिशवीत घालून न्यावेत, आणि पार्लरमधून आणलेली बिननावाची डबी असेल तर ती लाज न बाळगता सर्वांत आधी डॉक्टरांसमोर ठेवावी.